शेवंडीनं मारलेली गाठ

कुणी विश्वास ठेवणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. ज्या गोष्टीवर पहिल्या फटक्यात विश्वास बसतो, तिच्यापायी मी माझी कॉफी थंड होऊ देत नाही. क्विल कोव्ह आणि स्पूनर बेट या दोन बंदरांत गेली एकतीस वर्षं जे वैर चाललं आहे, ते कुणा माणसानं लावलेलं नाही. ते एका शेवंडीनं लावलं. आणि मेन राज्याच्या अख्ख्या किनाऱ्यावर ते डोळ्यांनी पाहिलेला माणूस मी एकटा.

"झालं! सोडली होडी पाण्यात," माझा जुना सोबती पर्ली म्हणाला.

आम्ही आमिषाच्या शेडमध्ये बसलो होतो. सकाळचे दहा वाजले होते. धुकं असं की मी मघापासून पाइप ओढतोय आणि धूर काही येत नाही. मग लक्षात आलं, मी पर्लीचा अंगठा ओढतोय. एकही बोट निघाली नव्हती. खारवलेल्या हेरिंग माशांची पिंपं, शेगडी, शेगडीवर वाळत घातलेले हातमोजे, आणि कोपऱ्यात रोवीना आपल्या बोयांना रंग देत बसलेली. पांढरा बोया, त्यावर हिरवा पट्टा. आमच्याकडे माणसाचा रंग म्हणजे त्याचं नाव. पाण्यावर बोया दिसला की खालचा सापळा कुणाचा ते कळतं, आणि दुसऱ्याच्या बोयाला हात लावायचा नसतो.

अन्सेल दारातच उभा होता. बंदराचा म्होरक्या हल्ली तो आहे. गोष्टी ऐकायला तो कधी येत नाही.

"काका, मला गोष्ट नको," तो म्हणाला. "पाथरवट बारा वाजता येतोय. हो की नाही, एवढंच सांगा. मेरिलनं ती गाठ मारली होती की नाही?"

रोवीनानं मान वर केली नाही. पण ब्रश जरा हळू झाला.

तर आधी हे समजून घ्या. धक्क्याशेजारी आमच्या बुडालेल्या माणसांच्या नावांचा दगड आहे. जुना दगड गारठ्यानं तडकला, म्हणून नवा आणला. मेरिल ॲली हा रोवीनाचा बाप, स्पूनर बेटावरचा. तो बुडाला, पण बेटावरच्या लोकांनी त्यांच्या दगडावर त्याचं नाव घातलं नाही. रोवीना लग्न होऊन आमच्या बंदरात आली. तिचा नवरा गेला, आता ती त्याची बोट स्वतः चालवते. आणि ह्या वसंतात तिनं अन्सेलला एकच गोष्ट मागितली: तुमच्या नव्या दगडावर माझ्या वडलांना तीन बोटं जागा द्या.

अन्सेल म्हणाला होता, "ज्यानं आमच्या बोयावर गाठ मारली, त्याचं नाव आमच्या दगडावर? लोक मला धक्क्यावरून खाली ढकलतील. पण बोया लिनवुडकाकांचा होता. त्यांनी 'मेरिल नव्हता' असं म्हटलं, तर मी आजच कोरून घेतो."

तो बोया आमच्या डोक्यावरच होता. आढ्याला टांगलेला, पिवळ्यावर काळा पट्टा, म्हणजे माझा रंग. रंगाचे पोपडे निघाले होते, पण दांड्यावरची दोन वेढ्यांची गाठ तशीच्या तशी. एकतीस वर्षांत ती कुणी सोडली नव्हती.

ही गाठ म्हणजे ताकीद. तुझा सापळा माझ्या पाण्यात आला, तर मी तुझ्या बोयाच्या दांड्याला तुझाच दोर दोन वेढे देऊन बांधून ठेवतो. तू समजायचं आणि निघून जायचं. नाही गेलास, तर पुढच्या खेपेला दोर कापलेला असतो. कुणी कापला, हे कुणी विचारायचं नाही आणि कुणी सांगायचं नाही. मासेमारी खात्याच्या वॉर्डनकडे जाणारा माणूस आमच्यात अजून जन्मला नाही.

"हो किंवा नाही एवढ्यात मावणारी गोष्ट नाही ही," मी अन्सेलला म्हणालो. "बस. डोनट घे."

तो बसला नाही. डोनट घेतला.

"त्या वर्षी," मी सुरू केलं, "आपल्या बंदरासारखं भांडकुदळ बंदर दुसरं नव्हतं. चाळीस घरं आणि तीन चर्चं, तिसरं कशाला, तर पहिल्या दोघांत न जाण्यासाठी. बर्फाच्या मशीनवरून भांडण, धक्क्यावरच्या क्रेनवरून भांडण. स्प्रौल भाऊ तर असे भांडले की वाटणीत त्यांनी बापाची वल्ह्याची होडी करवतीनं मधोमध लांबीत कापली. तीन वर्षं एक भाऊ डावी होडी वल्हवायचा, दुसरा उजवी. कुशीवर झोपून."

"आणि बुडत कशी नव्हती?" पर्लीनं विचारलं.

"रागानं. रागानं माणूस तरंगतो."

"लेका, मग तू अजून का कोरडा आहेस?"

"थर्लो तेव्हा म्होरक्या होता, पण तो अंथरुणाला खिळलेला. त्याच्यानंतर कोण, हे कुणी ठरवेना. माझं नाव निघालं की लोक हसायचे. कारण जुलैतली बोटींची शर्यत. मेरिल आणि मी. माझ्या इंजिनाला मी असं पिळलं होतं की बोटीची सावली मागे राहून धापा टाकत होती. तरी मेरिल पुढे. मी पोचलो तेव्हा तो बोटीच्या कडेवर बसून डोनट खात होता. दुसरा त्यानं माझ्यासाठी राखून ठेवला होता. हसत पुढे केला. अख्खं बंदर धक्क्यावरून बघत होतं."

एवढं बोलून मी थांबलो, कारण हे खरं होतं, आणि खरं सांगताना मला दम लागतो.

"मेरिल चांगला होता," पर्ली म्हणाला.

"चांगला? शर्यतीच्या आदल्या वर्षी माझी तीन बोटं गेली तेव्हा त्यानं सहा आठवडे माझे सापळे उपसले. स्वतःचे उपसून झाल्यावर. दुसऱ्या बंदराचा माणूस! आपला माणूस आजारी पडला की त्याचे सापळे बंदरानं उपसायचे, ही आपली रीत. त्यानं ती रीत पाण्याच्या पलीकडून पाळली. आणि आपल्या बंदरातले तुम्ही सगळे क्रेनवरून भांडत होता."

"बोटं दोर ओढायच्या विंचमध्ये गेली होती," पर्लीनं अन्सेलला सांगितलं, जणू अन्सेलला ठाऊक नव्हतं.

"शेवंडीनं नेली," मी म्हणालो. उजवा हात वर करून दाखवला: अंगठा आणि करंगळी. "त्याच शेवंडीनं. तिचंच तर सांगतोय."

मग मी त्या शेवंडीचं, म्हणजे थोरलीचं सांगितलं. अंडी धरलेली मादी सापळ्यात आली, की तिच्या शेपटीच्या पंख्यात सुरीनं खाच मारायची आणि तिला परत सोडायचं. पुन्हा कधी कुणी तिला विकायचं नाही. ती खाच कुणी मारली, मित्रानं की वैऱ्यानं, हे बघायचं नाही. आम्ही एकमेकांचे दोर कापले, एकमेकांच्या इंजिनात साखर घातली, पण वैऱ्यानं मारलेली खाच दिसली की मादी अलगद पाण्यात. माणसांशी हाडवैर आणि शेवंडीशी इमान, असलं हे आमचं गणगोत.

"थोरलीच्या शेपटीवर सदतीस खाचा होत्या," मी म्हणालो. "दोन्ही बंदरांच्या, आपल्या आज्यांच्या वेळेपासूनच्या. कंगव्यासारखी शेपटी. अंगानं चर्चच्या दाराएवढी."

"मागच्या खेपेला शेडच्या दाराएवढी होती," पर्ली म्हणाला.

"मागच्या खेपेला ती पोक काढून बसली होती. आता ऐक. ऑगस्टमधली सकाळ, मधल्या पाण्यात."

मधलं पाणी म्हणजे कोव्ह आणि बेट यांच्यामधला खडकाळ तळ. आमच्या बापांनी ते कुणाचंच ठेवलं नव्हतं, म्हणजे दोघांचं ठेवलं होतं. आमचे बोये आणि त्यांचे बोये तिथं जत्रेतल्या पोरांसारखे मिसळलेले असायचे. माझ्या सापळ्यांना लागून मेरिलचे सापळे.

"मी बोयाजवळ गेलो, आणि पाणी फुगलं. थोरली वर आली. मिशा माझ्या बोटीच्या छपराला लागल्या. तिनं माझ्याकडे पाहिलं, तुमच्या पाद्रीबाबापेक्षा शहाण्या डोळ्यांनी. तिला आपण सगळे ठाऊक होतो. दोन्हीकडची चाळीस चाळीस माणसं, रोज उठून तिला वर ओढायची, शेपूट कापायची, खाली फेकायची. कंटाळली होती बिचारी. तिनं ताडलं, की ही माणसं एकमेकांशी भांडायला लागली तर मला सोडतील. मग तिनं दोर उचलला आणि माझ्या दांड्यावर टाकले दोन वेढे. तिची डावी नांगी मोठी होती, म्हणून वेढेही डावरे पडले. कचकन ओढले आणि गेली खाली."

पर्ली इतका हसला की त्याचे दात कॉफीत पडले. अन्सेलच्याही मिशीखाली काहीतरी हललं. कोपऱ्यातला ब्रश मात्र थांबला होता. मला वाटलं, रंग संपला असेल.

"मी बोया धक्क्यावर आणला," मी म्हणालो. "मी कुणाचं नाव घेतलं नाही. बोल पर्ली, घेतलं होतं?"

"नाही," पर्ली डोळे पुसत म्हणाला. "तू नुसता बोया वर धरलास. मग कुणीतरी म्हणालं, त्याला लागून सापळे कुणाचे? आणि कुणीतरी म्हणालं, मेरिलचे."

"कुणीतरी कोण?"

पर्लीनं दात पुन्हा बसवले. "मी असेन."

ती दुपार मी आजही विसरलेलो नाही. सगळे एका जागी उभे होते, तीनही चर्चांचे. स्प्रौल भावांनी करवतलेली होडी त्याच दुपारी खिळे मारून जोडली, आणि ती पूर्वीपेक्षा वेगानं पळायला लागली. क्रेनचं भांडण मिटलं. बायकांनी बीन्सचं मोठं भांडं चढवलं आणि कुणाचं भांडं हे कुणी विचारलं नाही. ज्यांनी शर्यतीच्या दिवशी मला हसून घेतलं होतं, त्यांनी मला खांद्यावर घेतलं. थर्लोनं अंथरुणातून निरोप पाठवला, की आता लिनवुडचं ऐका. माणसाला माणसावर प्रेम करायला पलीकडे एक माणूस लागतो, हे मला तेव्हा कळलं. त्या उन्हाळ्यात आम्ही एकमेकांवर जेवढं प्रेम केलं तेवढं ना त्याआधी केलं, ना त्यानंतर.

आणि तेवढेच दोर कापले. मधल्या पाण्यात कापलेल्या बोयांची अशी गर्दी झाली की कोव्हवरून निघालेला सीगल पाय न भिजवता बेटावर चालत जायचा, आणि परत येताना रंगावरून वाट शोधायचा.

"ही गोष्ट मजेची नाही, काका," अन्सेल म्हणाला. "माझ्या बापाचे दीडशे सापळे गेले."

"सगळ्यांचे गेले. ते अजून खाली आहेत."

 दोर कापलेला सापळा तळाशी आपलं काम करतच राहतो. एक शेवंड आत शिरते, मरते, तिच्या वासानं दुसरी शिरते. कुणासाठी, तर कुणासाठीच नाही.

अन्सेलनं घड्याळ पाहिलं. "मेरिलचं सांगा."

"सांगतोय. बेटावरच्यांना वाटलं, मेरिलनं कुणाला न विचारता गाठ मारली आणि सगळ्या बेटाला खड्ड्यात घातलं. तो म्हणाला, मी मारली नाही. ते म्हणाले, मग तू कोव्हवाल्याचा मित्र, तू त्यांना मिळालेला आहेस. म्हणजे मारली तरी गुन्हेगार, न मारली तरी गुन्हेगार. आपल्याकडेही तेच. मी एकदा म्हणालो, मेरिल तसा माणूस नाही. तर तुझा बाप मला म्हणाला, लिनवुड, खांद्यावरून उतरायचंय का?"

"आणि तुम्ही?"

"मी खांद्यावर होतो. वरून समुद्र छान दिसतो."

यावर कुणी हसलं नाही. मग मी भरभर सांगून टाकलं. ऑक्टोबरात मेरिल उतरणीवरच्या शेवाळावरून घसरला, पाय मोडला. प्लास्टर मांडीपर्यंत. आजारी माणसाचे सापळे बंदरानं उपसायचे, ही रीत बेटावरही आहे. एकही बोट हलली नाही. तेरा दिवस त्याचे सापळे पाण्यात तसेच. चौदाव्या दिवशी सकाळी तो रेडिओवर आला. सगळे ऐकतात त्याच चॅनलवर, दोन्ही बंदरं ऐकतात त्यावर.

"पण त्या दिवशी माझा रेडिओ बंद होता," मी म्हणालो. "सीगलनं तार खाल्ली होती. अडीच हात तार, आणि मग आठवडाभर त्याच्या पोटातून हवामानाचा अंदाज ऐकू येत होता."

पर्लीनं ह्या ठिकाणी नेहमी हसायचं असतं. तो शेगडीकडे बघत राहिला.

"रेडिओ चालू होता, लिनवुड," तो म्हणाला. "मी तुझ्या बोटीवरच होतो त्या दिवशी. तो म्हणाला, 'लिन, तू तरी सांग यांना. तुला माहितीय मी गाठ मारली नाही.' दोनदा म्हणाला. मग म्हणाला, 'लिन, आहेस ना?' तू आवाज बारीक केलास."

"तू का नाही उत्तर दिलंस?"

"माझं नाव घेतलं नव्हतं त्यानं," पर्ली म्हणाला. मग शेगडीवरचे हातमोजे उलटवत, "बरं झालं असं वाटलं होतं मला."

मेरिल स्वतःच निघाला, पायाला प्लास्टर बांधून. वारा ईशान्येचा होता. दुपारी त्याची बोट मधल्या पाण्यात गोल गोल फिरताना दिसली, इंजिन चालू, आत कुणी नाही. दोन्ही बंदरांतून ती दिसत होती. पलीकडचे आधी निघतील, म्हणून इकडचे थांबले. इकडचे निघतील, म्हणून पलीकडचे. तेल संपेपर्यंत ती फिरत राहिली. रोवीना अकरा वर्षांची होती. ती बेटाच्या उतरणीवर उभी होती, हे मला दुर्बिणीतून दिसलं होतं. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, त्या सकाळी शेडमध्येही नाही.

आता मधल्या पाण्यात शेवंड उरली नाही. पाणी कोमट झालं, आणि होत्या नव्हत्या त्या सगळ्या वर उत्तरेला गेल्या. आमच्या चाळीस बोटींच्या अकरा झाल्या, बेटाच्या नऊ. तरी दर वसंतात अन्सेल तिथं दोन बोटी पहाऱ्याला पाठवतो, आणि त्यांच्याही दोन असतात. रिकाम्या तळावर रिकामे सापळे टाकायचे, आणि एकमेकांच्या बोयांवर गाठी मारायच्या. पहारा उठवला तर आमच्या अकरा जणांत आठवड्याच्या आत क्रेनवरून भांडण लागेल, हे अन्सेललाही ठाऊक आहे.

बाहेर धुक्यात ट्रकचं दार वाजलं. पाथरवट आला होता.

"तर मग काय धरू?" अन्सेल म्हणाला. "मेरिल नव्हता?"

"शेवंड होती."

"काका, शेवंडीच्या साक्षीवर मी नाव नाही कोरू शकत. लोक हसतील. मेरिल नाही, तर माणूस सांगा. माणूस नसेल, तर मेरिलच."

"मी पाहिलं ते सांगितलं."

"ठीक आहे." त्यानं टोपी घातली. तो रोवीनाकडे न बघता म्हणाला, "मी प्रयत्न केला, बाई."

मला तेव्हा हायसं वाटलं, हे मी लपवत नाही. गोष्ट तडीला गेली होती. मी कॉफीचा घोट घेतला. थंड झाली होती.

रोवीना उठली. पिंपावर चढून तिनं आढ्यावरचा बोया खाली काढला. एकतीस वर्षांत त्याला कुणी हात लावलेला मी पाहिला नव्हता. तिनं तो मांडीवर घेतला, बाही ओढून दांड्यावरची धूळ पुसली. मग खिशातून सुतळी काढून आपल्या ब्रशच्या दांड्यावर दोन वेढ्यांची गाठ मारली, जशी आम्ही सगळे मारतो, बघायचीही गरज नसते. ब्रश बोयाला लावून धरला. तिची गाठ एका अंगाला पडली होती. बोयावरची तिच्या उलट, आरशातल्यासारखी. अन्सेल दारात परत फिरला. पर्लीनं चष्मा लावला, मग काढला.

"काका," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "हा बोया इथं सगळ्यांच्या डोक्यावर टांगलेला होता. माझे वडील माझ्यासारखे उजव्या हातानं बांधायचे. तुम्ही बोटं गेल्यापासून डाव्या हातानं बांधता. पण वेढे कुठल्या अंगाला पडलेत, हे एकतीस वर्षांत एकाही माणसानं विचारलं नाही. मीसुद्धा नाही. आजही कुणी विचारलं नव्हतं. मग तुमची शेवंड डावरी होती, हे सांगायची तुम्हाला गरज का पडली?"

मी तोंड उघडलं. थोरलीबद्दल अजून पुष्कळ सांगण्यासारखं होतं.

"खोटं आहे हे," रोवीना म्हणाली. "गाठ तुम्ही मारलीत."